ब्रेकचा बोल्ट किती आवळायचा, एवढेच विचारले होते

मोटारगाड्या बनवणाऱ्या कंपन्यांचे अभियंते, विक्रीपश्चात सेवा सांभाळणारे अधिकारी आणि सर्व्हिस मॅन्युअल कोणाला द्यायचे हे ठरवणारे सर्वजण यांस,

सप्रेम नमस्कार.

माझ्या गाडीच्या मागच्या ब्रेकचा कॅलिपर, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणारा भाग, ज्या ब्रॅकेटवर बसतो, त्या ब्रॅकेटचे बोल्ट किती टॉर्कला (म्हणजे किती पिळाच्या जोराने, हा न्यूटन-मीटरमध्ये मोजतात) आवळायचे, हे मी तुमच्यापैकी एका कंपनीच्या ग्राहक विभागाला लिहून विचारले. उत्तर वेळेत आले. भाषाही गोड होती. ब्रेक हा सुरक्षिततेशी संबंधित भाग असल्याने ही माहिती ग्राहकांना देण्याचे धोरण नाही, कृपया अधिकृत सेवा केंद्राशी संपर्क साधावा, असा एकूण आशय.

ज्या आकड्यावर ब्रेकची सुरक्षितता अवलंबून, तोच आकडा सुरक्षिततेचे कारण देऊन दडवायचा, हे मला काही केल्या गिळता येईना. म्हणून हे पत्र, आणि तेही उघड. एका कंपनीला नावानिशी लिहून उपयोग नाही, कारण हेच उत्तर थोड्याफार फरकाने कुठूनही येते.

मी मेकॅनिक नाही आणि तसा आवही आणत नाही. जुनी गाडी चालवते, ती टिकवायची आहे आणि खर्च आटोक्यात ठेवायचा आहे. इंजिन ऑईल, फिल्टर, प्लग, ब्रेक पॅड, बॅटरी, सस्पेन्शनचे बुश ही कामे घरीच करते. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधी शिरत नाही, स्टँड लावते, जमिनीवरच्या चाकांना ठोकळे लावते. टॉर्क रेंच, म्हणजे ठराविक जोराने आवळायचा पाना, घेतला आहे तो भिंतीवर टांगायला नाही. माझ्यासारखे लोक सगळीकडे आहेत. कोणाकडे पैसे कमी, कोणाचे घर सेवा केंद्रापासून लांब, कोणाला हात काळे करण्यातच आनंद. आम्ही ही कामे आधीपासून करत आलो आहोत आणि पुढेही करणार आहोत. तुम्ही माहिती दिली नाही म्हणून काम थांबत नाही, ते अंदाजाने होते. तुमच्या धोरणाचा प्रत्यक्ष परिणाम एवढाच आहे, आणि तो तुमच्याच अभियंत्यांना सर्वांत चांगला ठाऊक असणार.

अंदाजाने आवळलेल्या बोल्टचे काय होते हे बाकीच्या वाचकांसाठी सांगते. बोल्ट आवळला की तो किंचित ताणला जातो आणि त्या ताणामुळेच दोन भाग एकमेकांना घट्ट धरून राहतात. ताण कमी पडला तर धक्क्यांनी बोल्ट हळूहळू सैल होतो. जास्त झाला तर आटे जातात, विशेषतः ॲल्युमिनियमच्या भागात, नाहीतर बोल्टच मान टाकतो. बोल्टच्या डोक्यावर ८.८ किंवा १०.९ असा मजबुतीचा दर्जा कोरलेला असतो, पण किती आवळायचा ते नसते. शिवाय काही बोल्ट एकदाच वापरायचे असतात: आधी ठराविक टॉर्क, मग वर ठराविक अंश फिरवणे, म्हणजे ते मुद्दाम ताणमर्यादेपर्यंत नेलेले असतात. असा बोल्ट काढला की तो टाकून नवाच लावायचा. दिसायला मात्र तो शेजारच्या साध्या बोल्टसारखाच. हे मालकाला कोण सांगणार? मालक-पुस्तिका सांगत नाही. तीत ब्लूटूथ कसे जोडायचे ते पानेच्या पाने असते.

सगळे सारखे वागत नाहीत, हेही नोंदवते. काही कंपन्या तासाच्या किंवा दिवसाच्या शुल्कावर कोणालाही मॅन्युअल उघडून देतात. त्यांचे मनापासून आभार. युरोपीय संघात २०१८/८५८ या क्रमांकाचा नियम १ सप्टेंबर २०२० पासून लागू आहे. त्यानुसार दुरुस्तीची माहिती स्वतंत्र व्यावसायिकांना द्यावीच लागते. पण त्या कायद्याचा रोख धंदा करणाऱ्यांकडे आहे. स्वतःची एकच गाडी स्वतः दुरुस्त करणारा माणूस त्यात कुठे बसतो, हे तुमच्या मर्जीवर राहिले.

आता सॉफ्टवेअरच्या कुलपांबद्दल, कारण खरा राग तिथे आहे.

स्टिअरिंगखालचे गाडीतले दोष वाचायचे १६ पिनांचे ओबीडी सॉकेट तुम्ही आपखुशीने दिलेले नाही. धुरावर लक्ष राहावे म्हणून अमेरिकेत १९९६ पासूनच्या नव्या मोटारींना ते सक्तीचे झाले, युरोपात पेट्रोल गाड्यांना २००१ पासून. त्या एका सक्तीने साध्या माणसाच्या हाती केवढे बळ आले! स्वस्तातला स्कॅनर जोडला की दोषाचा कोड दिसतो: पी०३०१ म्हणजे पहिल्या सिलिंडरमध्ये मिसफायर (इंधन नीट न जळणे), पी०४२० म्हणजे धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरचे काम मंदावले, हे कुठल्याही कंपनीच्या गाडीत सारखेच वाचता येते. मग पहिल्या सिलिंडरची इग्निशन कॉइल दुसऱ्यावर लावायची. कोड पी०३०२ झाला तर कॉइलच गेलेली. नाही झाला तर प्लग पाहायचा, मग इंजेक्टर. एक पैसा न खर्चता निदान होते आणि चुकीचा भाग विकत घेतला जात नाही. कमी पैशांत गाडी सांभाळणाऱ्याची अर्धी बचत या निदानातच आहे, पाना नंतर येतो.

पण ही समान भाषा धुराशी नाते असलेल्या गोष्टींपुरती. एबीएस, हँडब्रेक, दारे, दिवे यांच्याशी बोलायचे तर प्रत्येक कंपनीची बोली वेगळी. त्यातच अलीकडच्या गाड्यांत तुम्ही त्या सॉकेटच्या आत सिक्युरिटी गेटवे, म्हणजे बाहेरून येणारे आदेश अडवणारे कुलूप, बसवायला लागलात. अशा काही गाड्यांत कोड वाचता येतो, पुसता येत नाही. इंजिनचा पंखा चालू करून तपासता येत नाही. त्यासाठी नोंदणी, लॉगिन आणि वर्गणी. बाहेरून कोणी गाडीत घुसखोरी करू नये ही तुमची काळजी मला मान्य आहे. पण गाडीत बसून, किल्ली लावून, स्वतःच्या गाडीचा कोड पुसणारी मालकीण ही घुसखोर कशी?

मागच्या ब्रेकचेच घ्या. इलेक्ट्रॉनिक हँडब्रेक आल्यापासून कॅलिपरवर छोटी मोटर असते आणि ती आतल्या स्क्रूने पिस्टन पुढे ढकलते. नवे, जाड पॅड बसवायचे तर आधी तो स्क्रू मागे घ्यावा लागतो. त्यासाठी गाडी 'सर्व्हिस मोड'मध्ये न्यायची आणि तो मोड बऱ्याच गाड्यांत फक्त खास स्कॅनरने उघडतो. ज्याला हे माहीत नाही तो क्लॅम्प लावून पिस्टन दाबतो आणि आतली यंत्रणा मोडून बसतो. ज्याला अर्धवट माहीत आहे तो मोटरला थेट बॅटरीची वायर लावतो. दोन्ही प्रकार मी पाहिले आहेत. आणि हे टाळणे किती सोपे आहे! काही कंपन्यांनी ब्रेक पेडल आणि हँडब्रेकचे बटण ठराविक क्रमाने दाबून हा मोड उघडण्याची सोय ठेवली आहे. एकही जादा भाग लागत नाही. ज्यांनी ती ठेवली नाही, त्यांनी का ठेवली नाही याचे तांत्रिक कारण मला आजवर कोणी सांगितलेले नाही.

बॅटरीची गत तशीच. सिग्नलला इंजिन आपोआप बंद होणाऱ्या गाड्यांत बॅटरीच्या वयाचा हिशेब गाडी स्वतः ठेवते आणि त्याप्रमाणे चार्जिंग बदलते. नवी बॅटरी लावून तशी नोंद केली नाही, तर काही गाड्या तिलाही म्हातारी समजून वागवतात. 'नवी बॅटरी बसवली का? हो / नाही' एवढा प्रश्न समोरच्या मोठ्या स्क्रीनवर विचारता आला नसता का? त्या स्क्रीनवर आतल्या दिव्यांचे रंग निवडायला जागा आहे.

भंगारातून आणलेल्या भागांचा प्रश्न याहून कठीण आहे. अपघातात गेलेल्या गाडीचा चांगला हेडलॅम्प, मीटर किंवा कंट्रोल युनिट दुसऱ्या गाडीत बसवणे हा कमी खर्चात गाडी जगवण्याचा जुना मार्ग. आता तो भाग अनेकदा सॉफ्टवेअरने पहिल्या गाडीच्या क्रमांकाशी बांधलेला असतो. प्लग बसतो, बोल्ट बसतात, पण भाग काम करत नाही. यामागे चोरीचा मुद्दा आहे आणि तो खोटा नाही. चोरलेला हेडलॅम्प विकता येऊ नये, हे मलाही हवे आहे. मग मालकीचा पुरावा घेऊन भाग मोकळा करून देण्याची सोय ठेवा. चोरीच्या यादीत नसलेला भाग कायमचा निकामी ठेवण्यात चोर अडत नाही, चांगला माल मात्र कचऱ्यात जातो.

अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात दुरुस्तीच्या हक्काचा कायदा २०१२ मध्ये झाला. गाडीतून बिनतारी जाणारी माहितीही मालकाच्या हाती असावी, यावर २०२० मध्ये तिथे मतदान झाले आणि सुमारे ७५ टक्के लोकांनी होकार दिला. त्यावर तुमच्या उद्योगाची संघटना न्यायालयात गेली. लोकांना काय हवे आहे हे कळले नाही, असे म्हणायला आता जागा नाही.

सुट्या भागांचे दुःख थोडक्यात सांगते. चाकाला गाडीशी जोडणाऱ्या खालच्या दांड्याचा, म्हणजे लोअर आर्मचा, रबरी बुश फाटतो, तुम्ही अख्खा आर्म विकता. खिडकीच्या काचेची प्लास्टिकची क्लिप तुटते, मिळते ती सगळी यंत्रणा, कधी मोटरसह. हेडलॅम्प बसवायचा प्लास्टिकचा कान मोडला तर पूर्ण दिवा बदला. काही कंपन्या याच कानांसाठी दुरुस्तीचा छोटा संच विकतात, म्हणजे ते करता येते. आणि तेल बदलण्याआधी इंजिनखालचे प्लास्टिकचे ताट काढायला जे स्क्रू आणि क्लिपा मोजाव्या लागतात, त्यावर स्वतंत्र पत्र होईल.

'आयुष्यभराचे ऑईल' हा प्रकार मात्र नुसता त्रासदायक नाही, तो दिशाभूल करणारा आहे. कित्येक ऑटोमॅटिक गाड्यांच्या पुस्तिकेत गिअरबॉक्सचे ऑईल बदलायची गरज नाही असे लिहिलेले असते. ऑईलची पातळी पाहायची कांडीही काढून टाकलेली असते. अनेक गाड्यांना गिअरबॉक्स पुरवणारी झेडएफ ही जर्मन कंपनी स्वतःच्या गिअरबॉक्ससाठी साधारण ८०,००० ते १,२०,००० किलोमीटरला ऑईल बदला असे सांगते. गिअरबॉक्स बनवणारा एक सांगतो आणि तो गाडीत बसवणारा दुसरे. कोणाचे आयुष्य धरले आहे? वॉरंटीचे धरले असेल तर तसे स्पष्ट लिहा. जुनी गाडी घेणारा माणूस 'लाइफटाइम' वाचून निर्धास्त राहतो आणि गिअर झटके द्यायला लागल्यावर जागा होतो. तोवर गिअरबॉक्सचा खर्च गाडीच्या किमतीला भिडलेला असतो.

वॉरंटीची भीती घालणेही थांबवा. ऑईल बाहेर बदलले की इंजिनची वॉरंटी गेली, स्पीकर बदलले की सगळीच गेली, असे काउंटरवर बिनदिक्कत सांगितले जाते. अमेरिकेत १९७५ पासून मॅग्नसन-मॉस कायद्याने अशी सरसकट अट घालायला मनाई आहे: ठराविक कंपनीचाच भाग किंवा सेवा वापरली तरच वॉरंटी, असे म्हणता येत नाही, तो भाग किंवा सेवा फुकट दिली असेल तर गोष्ट वेगळी. कायदा असो वा नसो, साधा न्याय हाच आहे की बाहेरच्या कामामुळे बिघाड झाला हे दाखवायची जबाबदारी नाकारणाऱ्याची असावी.

आता गाडीत फेरफार करणाऱ्यांकडे येते. मॉडिफिकेशन म्हटले की तुमच्या डोळ्यांपुढे कानठळ्या बसवणारा सायलेन्सर आणि डोळे दिपवणारे दिवे येतात. तसले लोक आहेत, आणि त्यांची वकिली मी करणार नाही. हॅलोजनसाठी बनवलेल्या रिफ्लेक्टरमध्ये झेनॉनचा बल्ब खुपसून समोरच्याला आंधळे करणे, स्प्रिंग कापून गाडी खाली बसवणे, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढून टाकणे, यांना मीही विरोध करते. पण बहुतेकांचे फेरफार साधे असतात. मागचे दिसावे म्हणून कॅमेरा, बरा आवाज, दारात आवाज शोषणारी शीट, मागे सामानाची गाडी ओढायला हुक, डिकीत एक जादा दिवा, किंवा वरच्या मॉडेलची बरी सीट.

यातले धोके बहुधा विजेचे असतात. जादा दिव्याला वीज कुठून घ्यायची? पुस्तिका गप्प. मग माणूस जवळची कुठलीतरी वायर सोलतो. ती दोन युनिटांमधली डेटाची वायर निघाली तर डॅशबोर्डवर सगळे दिवे एकदम पेटतात. ती जाडीने कमी पडली तर तापते. बॅटरीपासून थेट वायर ओढली आणि फ्यूज बॅटरीजवळ न लावता दिव्याजवळ लावला, तर मधली सगळी वायर उघड्यावर राहते. पत्र्याच्या कडेला घासून ती शॉर्ट झाली तर फ्यूजला पत्ताही लागत नाही आणि आग लागू शकते. फ्यूज हा वायरला वाचवण्यासाठी असतो, दिव्याला नाही, ही एक ओळ छापली असती तरी किती वायरी वाचल्या असत्या. साध्या बल्बच्या जागी एलईडी लावला की 'बल्ब गेला' अशी सूचना येते, कारण एलईडी इतका कमी करंट घेतो की गाडीला जागा रिकामी वाटते. मग लोक रेझिस्टर लावतात, तो भाजण्याइतका तापतो आणि कोणी तो प्लास्टिकला चिकटवून ठेवतो.

गंमत अशी की ही सगळी माहिती तुम्ही लिहून ठेवलेली आहे. ट्रक आणि व्हॅन बनवणाऱ्या कंपन्या बॉडी बांधणाऱ्यांसाठी मार्गदर्शिका काढतात. चासीला भोक कुठे पाडायचे, कुठे अजिबात नाही, वेल्डिंग करताना बॅटरी आणि युनिटे कशी सोडवायची, जादा वीज कुठल्या जोडणीतून घ्यायची, ॲक्सलवर किती वजन चालेल, सगळे आकृत्यांसह. त्याच व्हॅनवर रुग्णवाहिका, शीतगाडी किंवा फिरते दुकान बांधणाऱ्याला तुम्ही सांगता की बाबा, असे कर, तसे करू नकोस. मोटारीच्या मालकाला मात्र फक्त 'फेरफार करू नका' हे वाक्य मिळते. फेरफार होणारच आहे हे मान्य करून तो नीट व्हावा अशी व्यवस्था करणे तुम्हाला जमते. ते फक्त मोठ्या गिऱ्हाइकासाठी करता, एवढेच.

दुसऱ्या बाजूला, गाडीत आधीच बसवलेली गोष्ट सॉफ्टवेअरने बंद ठेवून तिचे भाडे घेण्याचे प्रयोग चालू आहेत. बीएमडब्ल्यूने काही देशांत गरम होणाऱ्या सीटसाठी मासिक वर्गणी लावून पाहिली. २०२२ मध्ये त्यावर गदारोळ झाला आणि २०२३ मध्ये कंपनीने तो मार्ग सोडला. मी माझ्या गाडीत फेरफार केला तर तो धोका, तुम्ही विकल्यानंतर दूर बसून केला तर ती सुविधा, हा हिशेब मला जुळवता येत नाही.

आम्ही काय मागत नाही, तेही सांगून टाकते, म्हणजे उत्तरात तेच पुढे करता येणार नाही. एअरबॅगच्या स्फोटक भागाशी आम्हाला खेळायचे नाही. विजेच्या गाडीतल्या उच्च दाबाच्या नारिंगी केबलना हात लावायचा नाही. धुराचे नियम चुकवायचे नाहीत, किलोमीटर मागे फिरवायचे नाहीत, किल्लीचे चोरीविरोधी कोड नकोत. आपोआप ब्रेक लावण्यासाठी काचेमागे कॅमेरा असलेल्या गाड्यांत काच बदलल्यावर तो पुन्हा जुळवावा लागतो, तिथे योग्य यंत्रणा हवी, हेही समजते. जिथे खरोखर प्रशिक्षण लागते तिथे तसे लिहा, कारणासह. कारण दिले की लोक ऐकतात. सगळ्याच पानांवर एकच इशारा छापला की कोणीच वाचत नाही.

मागण्या अशा:

१. ब्रेक, चाके, सस्पेन्शन, स्टिअरिंग आणि ऑईलचे बूच यांचे टॉर्कचे आकडे, आणि कोणते बोल्ट पुन्हा वापरू नयेत याची यादी, मालक-पुस्तिकेत विनामूल्य छापावी.

२. पूर्ण सर्व्हिस मॅन्युअल आणि वायरिंगच्या आकृत्या कोणत्याही मालकाला, गॅरेजची नोंदणी न मागता, परवडणाऱ्या अल्पमुदतीच्या शुल्कात मिळाव्यात. मॉडेल बंद झाले की त्या फाइली उतरवून कायम ठेवता याव्यात. सर्व्हर कधीतरी बंद होतात, गाड्या चालतच राहतात.

३. ब्रेक पॅड, बॅटरी, ऑईल आणि थ्रॉटलची (इंजिनात हवा सोडणाऱ्या झडपेची) सफाई या नेहमीच्या कामांनंतरच्या नोंदी गाडीच्या स्क्रीनवरून किंवा बटणांच्या क्रमाने करता याव्यात. गेटवे असला तरी किल्ली असलेल्या मालकाला कोड पुसता आलाच पाहिजे.

४. वापरलेला भाग मालकीचा पुरावा दाखवून दुसऱ्या गाडीला जोडून मिळावा, आणि हे काम स्वतंत्र गॅरेजलाही करता यावे.

५. बुश, क्लिपा, सील आणि दिव्यांचे कान सुटे विकावेत.

६. 'लाइफटाइम' हा शब्द पुस्तिकेतून काढून तिथे किलोमीटर आणि वर्षे लिहावीत.

७. व्हॅनसाठी काढता तशी मार्गदर्शिका प्रत्येक मोटारीसाठी काढावी: जादा विजेची अधिकृत जोडणी, मोकळे फ्यूज, भोके पाडायच्या आणि न पाडायच्या जागा, वजनाच्या मर्यादा. ही जोडणी कारखान्यातूनच बसवून दिलीत तर वायरी सोलायची वेळच येणार नाही.

८. वॉरंटी नाकारताना बाहेरच्या कामाचा बिघाडाशी काय संबंध, हे लेखी द्यावे.

यातले पहिले आणि सहावे काम करायला नवा भाग बनवावा लागत नाही, नवे यंत्र लागत नाही. पुस्तिकेच्या पुढच्या आवृत्तीत दोन पाने वाढवली की झाले. तिथून सुरुवात करावी, आणि बाकीच्या मागण्यांपैकी कोणती मान्य, कोणती अमान्य आणि का, हे प्रत्येक कंपनीने जाहीरपणे कळवावे.

आपली,
एक जुन्या गाडीची मालकीण